फ्रिज प्रमिलाताईंनी बंद केला नव्हता

प्रमिलाताई गेल्याची बातमी मला दुकानाच्या पायरीवर मिळाली. दुकान आता मुलगा चालवतो, मी सकाळी पेपर वाचायला तेवढा येऊन बसतो. त्यांच्या मुलीचा, अस्मिताचा फोन होता. "मामा, आई गेली सकाळी. झोपेतच..."  मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दुःखाच्या आधी मनात भीती आली. ती गोष्ट खरी कशी घडली हे सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडपात माझ्या मागे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "ह्याच ना त्या मेडिकलवाल्या बाई? फ्रिज बंद करून गावाले गेलत्या त्या?" अस्मिता पाण्याचे ग्लास घेऊन बाजूलाच उभी होती. तिनं ऐकलं. लोक उठू लागल्यावर तिनं मला गाठलं. "मामा, आईनं खरंच बंद केला होता का फ्रिज? आम्ही विचारलं की ती विषय बदलायची. तुम्हाले तर माहीत असंन." मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे बेटा, राहू दे," आणि चपला शोधू लागलो. तेव्हापासून मला धड झोप नाही. पेपर उघडायचीही भीती वाटते, जणू त्यात माझ्याबद्दल काही छापून येईल. शेवटी मीच लिहायला बसलो.

घाटंजीत मी औषधांचं दुकान टाकलं तेव्हा फार्मासिस्टच्या नावाशिवाय लायसन्स मिळत नव्हतं, आजही मिळत नाही. पण कितीतरी दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट तेवढं भिंतीवर टांगलेलं असायचं आणि माणूस भलतीकडेच. मलाही तेच हवं होतं. प्रमिलाताई केळापूरकडच्या, त्यांचे मिस्टर इथल्या शाळेत शिक्षक. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "भाऊ, भिंतीवर माझा कागद राहीन तर खुर्चीवर मी राहीन." आणि राहिल्या. चिठ्ठी वाचायच्या, गोळी जेवणाआधी की नंतर ते दोनदा वदवून घ्यायच्या, ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना छोट्या मडक्यात ओली रेती भरून इन्सुलिन कसं ठेवायचं ते दाखवायच्या. दुपारी जेवायला घरी जाताना रोज बजावायच्या, "मी नसतानी चिठ्ठीची औषधं देऊ नका." मी एकदा भर गिऱ्हाइकांत म्हणालो, "ताई, हे दुकान आहे का शाळा, मधली सुट्टी द्याले?" त्या म्हणाल्या, "शाळाच समजा. तुमचाच अभ्यास कच्चा आहे." सगळे हसले, मीही हसलो. त्या गेल्या की मी सगळंच देत होतो.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो. आमच्याकडचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला दुकानाच्या पत्र्याखालची दुपार समजावून सांगायला नको. लाइन रोज जायची. इन्व्हर्टरवर एकच बोर्ड जोडलेला होता आणि तो ताईंनी फ्रिजसाठी राखून ठेवला होता. त्या जेवायला गेल्या की मी फ्रिजची पिन काढायचो, कूलरची लावायचो आणि मागच्या बाकावर आडवा व्हायचो. त्या यायच्या आत पिन परत जागेवर. मग दारव्ह्याला भाच्याचं लग्न निघालं. ताईही माहेरी जाणार होत्या, म्हणून दुकान बंद ठेवायचं ठरलं. त्या आदल्या दिवशीच गेल्या. मी निघताना घाईत शटर ओढलं. लग्नाहून परत येऊन दुकान उघडलं तर इन्व्हर्टर उतरलेला, बोर्डात कूलरची पिन, आणि फ्रिजचं दार उघडताच तोंडावर गरम वाफ.

मी पिन बदलली. लाइन होती, संध्याकाळपर्यंत फ्रिज गार झाला. इन्सुलिनच्या बाटल्या हाताला गार लागल्यावर मी स्वतःची समजूत घातली की झालं, काही बिघडलं नाही. ताई अजून आल्या नव्हत्या. आणि त्या बाटल्या मी विकल्या.

चार दिवसांनी ताई परत आल्या, त्यांनी फ्रिजमधली एक बाटली उचलून उजेडात धरली, हळूच फिरवली. आत काचेला पांढरे कण चिकटले होते. "भाऊ, हे तापलं होतं. मागून कितीबी गार करा, आता हे पाणीच आहे. फ्रिज बंद होता काय?" मी म्हणालो, "लाइन गेली असंन." त्यांनी वाद घातला नाही. "कोणाकोणाले दिलं ते सांगा पटपट." गावात इन्सुलिन घेणारी माणसं त्यांच्या ओळखीची, सुई कशी टोचायची ते त्यांनीच शिकवलेलं. माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या दारोदार गेल्या, बाटल्या परत घेतल्या. एक तेवढी राहिली. ती दारव्हा रस्त्यावरच्या एका खेड्यात गेली होती, तिथल्या म्हाताऱ्या आजीसाठी. उन्हात मी स्कूटर हाणत होतो. मागून ताई एकच विचारत होत्या, "अजून किती दूर आहे?"

आजी खाटेवर पडून होती. ओठ सुकलेले, श्वास जोरजोरात, हाक मारली तर डोळे अर्धवट उघडत होते. तिचा मुलगा म्हणाला, "रोज टोचून राह्यलो ना जी औषध, तरी अशी काहून करते?" ताईंनी बाटली हातात घेतली, औषध तापून बिघडलं होतं हे त्याला सांगितलं. तो उसळला. "मंग हे चुकी कोणाची आहे?"

मी बोललो. कोणी मला भाग पाडलं नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम गावाले जातानी फ्रिज बंद राहून गेला त्यायच्याकडून."

ताई आजीच्या उशाशी बसून तिचं डोकं धरून होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलाला म्हणाल्या, "आधी गाडी पाहा दादा. भांडाले मागून येजा दुकानात." जीप मिळाली, आजीला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. पण जोवर ती वाचेल की नाही हे कळत नव्हतं तोवर मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून प्रार्थना करत होतो, आणि खरं सांगायचं तर ती आजीसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होती.

पुढे तक्रार झाली, औषध निरीक्षक आले. ताईंनी त्यांना सांगितलं, "फ्रिजमधल्या औषधाची जबाबदारी फार्मासिस्टची असते. मी फार्मासिस्ट आहे." एवढंच. फ्रिज आपण बंद केला, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पण माझं वाक्य आणि त्यांचं वाक्य गावानं एकत्र जोडलं, आणि मी ते जोडू दिलं. दुकान काही दिवस बंद राहून पुन्हा उघडलं. ताई परत आल्या नाहीत, पांढरकवड्याच्या एका दुकानात एसटीनं जाऊ-येऊ लागल्या. सर्टिफिकेट न्यायला आल्या तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. ते पिशवीत ठेवताना म्हणाल्या, "भाऊ, तुमचा कूलर कोणत्या पिनवर चालते ते मले माहीत आहे. तुम्ही सांगान म्हणून थांबली होती मी." त्यानंतर रस्त्यात भेटल्या की त्या माझ्या मुलाबाळांची चौकशी करायच्या. मी सांगेन म्हणून त्या आणखी किती वर्षं थांबल्या असतील, हा विचार मला आता सोडत नाही.

गेल्या आठवड्यात हे सगळं लिहून मी अस्मिताकडे गेलो आणि तिला वाचून दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि मला आत बोलावलं. ताईंचा फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात प्लास्टिकचे छोटे डबे होते, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून ताईंच्या अक्षरात नाव. गल्लीतल्या ज्या बायांच्या घरी फ्रिज नाही त्यांचं इन्सुलिन. ताई उन्हाळाभर सांभाळायच्या म्हणे. "रोज सकाळी येतात, टोचून घेतात, डबा परत ठेवून जातात," अस्मिता म्हणाली. "मले नागपूरले परत जायचं आहे मामा, पोरायची शाळा सुरू होते. पण घराले कुलूप कसं लावू?" माझं घर त्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. मी म्हणालो, "माझ्याकडे ठेवू का?" तिनं कप्प्यातले डबे सरळ केले. मग फ्रिजचं दार लावत म्हणाली, "मले नका विचारू. औषध त्यायचं आहे, त्यायले विचारा."

विचारणार आहे. पण आधी हे पेपरात छापून येऊ द्या, त्या बायांना वाचू द्या. मग मी त्यांच्या दारी जाईन.