ॲलिस स्प्रिंग्ज ते माउंट आयझा : बाराशे किलोमीटरवरचा भाऊ

माझी मुलगी रीमा ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला नर्स आहे. यंदा शाळेतून निवृत्त झाल्यावर वसईहून तिच्याकडे गेले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मम्मी, एवढी आलीस, तर मामाला भेटून येऊ."

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ मेल्विन, माउंट आयझाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन. सहा वर्षांपूर्वी आईच्या दफनाला तो आला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रीमाने रजा टाकली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. दोन गावांमध्ये हवाई अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. थेट विमान असतं तर दीड-दोन तासांचं काम. आम्हाला मिळत होतं ते ब्रिस्बेनवरून, उलटा वळसा घालून आणि चांगलंच महाग. रस्त्याने जवळजवळ बाराशे. पाण्याचे दोन कॅन, ऑम्लेट-पाव घेऊन आम्ही उजाडल्यावर गाडी काढली. अंधारात कांगारू आडवे येतात, म्हणून पाचशे किलोमीटरवर टेनंट क्रीकला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे वळलो. तांबडी माती, सुकं गवत, फोनला रेंज नाही. आमच्या वसईतल्या माणिकपूरहून विरारपर्यंत जाताना घरांची रांग तुटत नाही. इथे दोन तासांत एक घर दिसलं नाही. मग एक पेट्रोल पंप आला. तिथेच खानावळ. मांसाचं सारण भरलेला, पॅटिससारखा गरम 'मीट पाय' आणि चहा घेतला.

पंपावरच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "भारतातून? पाच-सहा वर्षांपूर्वी माउंट आयझाचा एक भारतीय इथे अडकला होता. पावसाने विमानं रद्द, म्हणून डार्विन गाठायला गाडीने निघालेला. पुढेही पूर, मागेही पूर. त्याची आई वारली होती. दोन दिवस त्या बाकावर बसून होता, हातात रोझरीची जपमाळ. आमच्या फोनवरून घरी फोन लावला, तर समोरून कट झाला."

फोन मीच कट केला होता. "तुला यायचंच नव्हतं," एवढं बोलून.

रीमाने पैसे दिले आणि गाडी काढली. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी माउंट आयझाला पोचलो. रीमाने आधीच कळवलं होतं, मेल्विन घराच्या फाटकात उभा होता. केस पांढरे झालेले. मी म्हटलं, "पंपावरच्या बाईंनी सांगितलं."

त्याने माझी बॅग घेतली. "बाय, आधी पाणी पी," म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्यात बाय म्हणतात. मग थोड्या वेळाने, "किती वाजता दफन होतं, तेवढं विचारायचं होतं. त्या वेळी तरी प्रार्थना म्हटली असती."

मी त्याला वेळ सांगितली. सकाळचे दहा. सहा वर्षांनी.

परत येऊन महिना झाला. परवा आईच्या स्मृतिदिनाच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या दारात मावशीने विचारलं, "मेल्विन दफनाला आला नाही, आताही नाहीच?"

मी तिला सगळा रस्ता सांगितला. पूर, पंप, बाक, सगळं. ती म्हणाली, "मग तेव्हाच आम्हाला का नाही सांगितलंस?"

मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं.

"तो सांगत होता, मावशी," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."