तोडकरांचे धपाटे

सायकलची बॅग उलटी बांधायची नसते, हे मला डांगे चौकात कळलं. सकाळची वेळ, कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक उभ्या, आणि माझे कपडे रस्त्यावर. सीटच्या मागे लटकवायची ती लांबुडकी बॅग मी हौसेनं ऑनलाइन मागवली होती आणि तोंड खाली करून बांधली होती. मागचं चाक तिला घरापासून गुपचूप घासत आलं. चौकात तिचं पोट फाटलं. टॉवेल दुभाजकावर गेला, एक बनियन बसच्या चाकाखाली, आणि बाकी जे काही होतं ते अख्ख्या चौकानं बघितलं.

मागून एक आडवा, रुंद माणूस सायकलवरून उतरला. मला वाटलं, मदतीला आला. त्यानं खिशातून चाकू काढला, बॅगेचे पट्टे खसाखस कापले, ती रस्त्यावर आपटली आणि दोन्ही पायांनी तिच्यावर उभा राहिला. मग मला म्हणाला, "मेली. चौकात मेली ते बरं झालं राव. घाटात मेली असती तर तुमाला घेऊन मेली असती." तोडकरांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

तोडकर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते नाव चाकणनं दिलं. तिथल्या एका कंपनीत ते टेस्टिंगला होते. गाड्यांचे सुटे भाग तयार झाले की प्रत्येक लॉटमधला एक उचलायचा आणि तो तुटेपर्यंत वाकवायचा, पिळायचा, ठोकायचा. मोडतोड करायचा पगार मिळणारा एवढा एकच माणूस मी पाहिला. अडचण अशी की शिफ्ट संपली तरी त्यांचे हात सुटत नसत. रिक्षावाला, पाणी सोडणारा, सिग्नलला मागून हॉर्न वाजवणारा, कुणाशीही सुरू झालेलं बोलणं कॉलर धरण्यापर्यंत जायचं. काळेवाडीत एका खोलीत एकटेच राहत. लग्नाचं विचारलं तर म्हणत, "कोण देणार पोरगी? माजी मलाच भीती वाटती."

त्यांना अनेक दिवसांच्या सायकलप्रवासाचा नाद होता, म्हणजे त्या प्रवासाचं सामान निवडण्याचा. बॅग घ्यायची म्हणजे आधी तिला मारायचं, हा त्यांचा नियम. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून ते बॅगा खाली फेकत. आत ओली वाळू आणि दोन विटा. पहिल्या बॅगेची चेन फुटली, दुसरीचे पट्टे तुटले आणि तिसरी सोसायटीच्या चेअरमनच्या स्कूटरवर पडली. चेअरमन तणतणत वर आले. तोडकरांनी त्यांना बॅग दाखवली आणि कौतुकानं सांगितलं की स्कूटरचं सीट फाटलंय, पण बॅगेचा एकच टाका उसवलाय. चेअरमननी बॅगेकडं बघितलं, मग तोडकरांच्या हातांकडं, आणि जिन्यानं परत गेले. शेवटी बाजारातल्या सगळ्या बॅगा नापास करून त्यांनी चाकणला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एकाकडून आमच्या दोघांच्या बॅगा शिवून घेतल्या. काळ्या, जाड, कुरूप. माझी बॅग घरात आली तेव्हा आमची ही म्हणाली, "म्हशीचं पिल्लू आणलंत का?"

सायकलचंही तेच. चिंचवडच्या दुकानात कार्बनच्या एका सायकलवर माझा जीव जडला होता. एका बोटानं उचलावी इतकी हलकी. तोडकरांनी तिच्यावर टिचकी मारली, कान लावला आणि दुकानदाराला विचारलं, "एक हातोडी मारू का?" तो बिचारा पांढराफटक पडला. म्हणाला, विकत घेऊन मारा. तोडकरांनी मला बाहेर ओढलं.

"कार्बन मोडताना सांगत न्हाई राव. काल चांगला, आज दोन तुकडे. लोखंड आधी वाकतं, कुरकुरतं, मग तुटतं. कवा तुटणार ते बघायचं न्हाई, कसं तुटणार ते बघायचं."

मी लोखंडाची सायकल घेतली. ती उचलताना माझ्याच कमरेतून कुरकुर ऐकू येते, ती गोष्ट वेगळी. तोडकरांनी ती आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवरून खाली सोडली, स्वतः वर बसून. तळाशी भिंतीवर आदळले, कोपरातून रक्ताची धार लागली. उठून त्यांनी आधी चाक फिरवून बघितलं आणि आनंदानं ओरडले की माणूस फुटला पण चाक सरळ आहे.

खाण्याची परीक्षा सगळ्यांत वाईट. पदार्थ डब्यात भरून ते त्यावर बुक्क्या मारत. केळी, पाव, बिस्किटं, सगळी पहिल्याच फेरीत गारद. पास झाले ते धपाटे. तोडकर मूळचे औशाकडचे, धपाटे त्यांच्या रक्तात. ज्वारीचे, तिखट, दोन-तीन दिवस टिकणारे, चुरगळले तरी धपाटेच राहणारे. ते म्हणत, "आमच्याकडं धपाटे दोन. एक ताटातला, एक पाठीतला. आई दोनी एकाच हातानं द्यायची."

गोडाची परीक्षा आमच्या स्वयंपाकघरात झाली. हिनं शेंगदाण्याचे लाडू केले होते. तोडकरांनी एक उचलला, मला वाटलं खातील, त्यांनी तो भिंतीवर फेकला. लाडवाचा भुगा झाला आणि गूळ टाइलवरून ओघळायला लागला. मी देवाचं नाव घेतलं. हिनं ओट्यावरचं फडकं उचलून त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, "भाऊजी, भिंत पुसून घ्या. खालच्या टाइलीसुद्धा." त्या माणसाला मी कंटेनरच्या ड्रायव्हरला केबिनमधून ओढताना पाहिलं होतं. तो खाली मान घालून भिंत पुसत होता. पुढच्या वेळी हिनं पाक चांगला पक्का केला. लाडू भिंतीवरून उडाला आणि कुकरच्या झाकणाला पोचा पाडून गेला. "पास, वहिनी," तोडकर म्हणाले. तो कुकर आजही नीट शिट्टी देत नाही.

एकदा सरावासाठी आम्ही नाशिक रस्त्यानं निघालो. राजगुरुनगरच्या पुढं एका गाडीचा आरसा माझ्या हँडलला लागला आणि मी हनुवटीवर पडलो. गाडी थोडं पुढं चहाच्या टपरीवर थांबली होती. मी रस्त्यावर बसून दात मोजत होतो, तोवर तोडकर हातात हवेचा पंप घेऊन तिथं पोचले. आधी आरसा गेला, मग काच. आतून तिघं उतरले. त्यांनी तोच पंप हिसकावून तोडकरांच्या पाठीत घातला, खाली पाडलं आणि लाथांनी तुडवायला लागले. मी भित्रा माणूस. आयुष्यात कुणाला हात लावलेला नाही, लावलाच तर माफी मागायला. पण त्या दिवशी मी माझी म्हैस सायकलवरून सोडली, डोळे गच्च मिटले आणि गरागरा फिरवली. पहिला फटका तोडकरांच्याच कानावर बसला. दुसरा कुणाच्या तरी नाकावर बसला असावा, कारण कुणीतरी आईची आठवण काढली. माणसं जमली तसे ते तिघं गाडीत बसून निघून गेले. तोडकर रस्त्यावर बसले. ओठ फाटलेला, पुढचा एक दात गेलेला. त्यांनी माझी बॅग उघडली, आत हात घातला आणि तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, "एकबी लाडू फुटला न्हाई राव."

घरी ही त्यांच्या जखमा पुसत होती. माझ्या हनुवटीला तिनं नुसता बर्फ दिला होता. पुसता पुसता तिनं विचारलं, "भाऊजी, एवढं दणकट सामान घेऊन तुम्हाला जायचंय तरी कुठं?"

तोडकरांनी ओठावरचा तिचा हात बाजूला केला. मग हळूहळू सांगितलं. आईच्या तेराव्याला वाटणीवरून थोरल्या भावाशी जुंपली होती. बोलणं वाढलं आणि यांनी कुऱ्हाडीचा दांडा उचलला. भावाचा उजवा हात कोपरात मोडला, तो वाकडाच जुळला. त्याच दिवशी यांनी गाव सोडलं, ते परत गेलेच नव्हते. आता जायचं होतं, पण सायकलनंच.

"गाडीनं निघालं तर संध्याकाळी दारात. इतक्या लवकर पोचलं तर रागबी संगंच गाडीतनं खाली उतरतो. सायकलवर चार मुक्काम होतेत. वाटंत गळून गेला तर गेला. पण दारात त्यानं हात उचलला आन् माजाबी उचलला, तर ह्या येळी एकजण जाईल, वहिनी."

हिनं कापूस खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही सामान तपासत नाही. जायचं टाळताय." मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दसरा झाला की निघा. हे येतील बरोबर." मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात तशी पद्धतही नाही.

निघायच्या दिवशी तिनं तोडकरांच्या हातात एक वेगळा डबा दिला. भावाच्या घरासाठी लाडू. म्हणाली, "हे आपटायचे नाहीत. बुक्कीसुद्धा मारायची नाही." तोडकरांनी तो डबा बॅगेत ठेवलाच नाही. कापडी पिशवीत घालून लहान पोरासारखा छातीशी बांधला.

पहिल्या दिवशी सोलापूर रस्त्यावर त्यांनी प्रत्येक टँकरला शिव्या घातल्या आणि पाटसजवळ एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दगड भिरकावला. दुसऱ्या दिवशी नुसत्या शिव्या. टेंभुर्णीच्या पुढं एका कुत्र्यानं त्यांची पिंडरी फोडली, तरी त्यांनी कुत्र्याला काही केलं नाही, मलाच ओरडले, हळू चालवतो म्हणून. बार्शी ओलांडल्यावर एका जीपनं त्यांना सरळ चरात घातलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते चरातून सायकल ओढून काढत होते. पिशवीतला डबा त्यांनी कानाशी धरून हलवला आणि पुन्हा छातीशी बांधला. औसा जवळ आलं तसं ते बोलायचेच बंद झाले. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

अंगणात सोयाबीनचा ढीग होता. थोरला भाऊ म्हातारा झालेला, उजवा हात कोपरात वाकडा. त्यानं धाकट्याला बघितलं, हातातलं खोरं टाकलं आणि एक शब्द न बोलता चालत आला. पहिला फटका कानशिलात. दुसरा पाठीत, असा की सोयाबीनवरच्या चिमण्या उडाल्या. मग पायातली चप्पल, मग कुंपणाजवळ पडलेला पाण्याचा पाइप. वाकड्या हातानं मारता येत नव्हतं, म्हणून म्हातारा अंगानं रेटून मारत होता. तोडकरांच्या नाकातून रक्त आलं. त्यांच्या मुठी वळलेल्या मला दिसल्या. ते हात मी ओळखत होतो. दोन्ही सायकली धरून मी नुसता उभा होतो, मला माझं नावही आठवत नव्हतं.

तोडकरांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं आणि वाकून उभे राहिले. पाइप छातीवर बसला, पिशवीत डबा खडखडला, तरी हात सुटले नाहीत.

शेवटी म्हातारा दमला. धापा टाकत पायरीवर बसला आणि कोपर चोळायला लागला. "माजाच हात दुखायलाय आता," तो म्हणाला. "चल, जेव."

भावाच्या बायकोनं धपाटे वाढले. म्हाताऱ्यानं धाकट्याच्या ताटात आणखी एक टाकला आणि म्हणाला, "घे. हाबी खा." तोडकर हसले. दात पडलेल्या फटीतून रक्त आणि हसू दोन्ही दिसलं. मग डबा उघडला. आत एकही लाडू नव्हता, नुसता भुगा. तोडकरांचा चेहरा बघवेना. पण म्हाताऱ्यानं वाकडा हात पुढं केला, त्या तळव्यावर भुगा घेतला आणि चाटून टाकला. मग दोघांनी मिळून डबा संपवला. मला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी सायकल एसटीच्या टपावर टाकून परत निघालो. तोडकर सोडायला आले. सुगी आटपली की येतो म्हणाले. सुगी आटपली, पुढची आली, ते काही आले नाहीत. फोनवर विचारलं तर म्हणतात, इथं फोडायला ढेकळं रग्गड आहेत. चाकणला त्यांच्या जागी आता एक यंत्र आहे म्हणतात. ते भांडत नाही.

घरी आल्यावर हिनं सगळं ऐकून घेतलं. तोडकर वाकून उभे राहिले तिथं तिनं डोळ्याला पदर लावला. मग लाडवांचं विचारलं. तिच्या मेहनतीचं वाईट वाटायला नको, म्हणून मी ठोकून दिलं, अख्खे पोचले.

"खोटं," ती म्हणाली. "पाक मुद्दाम कच्चा ठेवला होता मी. एवढी वर्षं तो माणूस न फुटणारं सगळं जमवत बसला. भावाच्या दारात फुटेल असं काहीतरी न्यायला नको होतं?"