उसवलेले टाके

एंगोंग पक्ष्यांच्या जाळ्याकडे जाताना बोलत नसे. पक्षी सोडवण्याआधी बोटांवर फुंकर मारी. डावीकडून शकुनाचा पक्षी ओरडला, की वाटेतच बसे. तंबाखू ओढून मगच उठे. बायकोला, सावेंगला, दिवस गेल्यापासून त्याने कशालाच गाठ मारली नव्हती. बापाने गाठ मारली, की बाळाची वाट अडते. त्याच्या बुटांच्या नाड्या मी, तळावरचा त्याचा जोडीदार, बांधायचो.

"एवढं साहित्य शिकलास, शेवटी माझे बूट बांधायला!" तो म्हणायचा.

"पोर होऊ दे, याच बुटाने लाथ घालतो," मी म्हणायचो.

नदीच्या वरच्या अंगाला, आमच्या तळामागच्या डोंगरात, एक करडा, पिवळ्या छातीचा पक्षी होता. आमच्या भाषेत त्याला नाव नव्हतं, पुस्तकांतही नव्हतं. आमच्याकडून पक्षी पकडून त्यांचा अभ्यास करणाऱ्या तिओंग मॅडमनी त्याचं रक्त तपासून आणलं. त्याचे पूर्वज समुद्रापलीकडच्या बेटांवरून आलेले. इथे त्याचं जवळचं कुणीच नाही.

एंगोंगचे आजोबा, आकी जिंबू, ते ऐकून म्हणाले, "शकुनाचे पक्षी देवाचे जावई. हा कुणाचा कोण? रागावला तर कुणाच्या पाया पडायचं?"

काल तसला एक करडा पक्षी जाळ्यातच मेला.

"नवी जात सिद्ध करायला एक तरी कातडं हवं," मॅडम म्हणाल्या. "हे वाया गेलं तर दुसरा मारावा लागेल. एंगोंग, तुझ्याशिवाय जमायचं नाही कुणाला."

"मॅडम, सावेंगचे दिवस भरलेत."

"अरे, नुसतं शिवायचंय."

"तेच तर. टाका म्हणजे गाठच."

तरी तो बसला. दुसरा मारणं त्याला त्याहून भयंकर वाटलं. कातडं सोलून त्याने कापूस भरला, पोट शिवायला घेतलं.

तेवढ्यात नदीवरून सावेंगच्या भावाची हाक आली. "दाजी! कालपासून कळा देतेय. बाळ अडलंय!"

एंगोंगचा चेहरा राखेसारखा झाला. सुरीच्या टोकाने त्याने एकेक टाका उसवला. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. पक्ष्याशी की बाळाशी, कळलं नाही.

"मी शिवू का?" मी विचारलं.

"हात लावू नकोस! दोरा माझा आहे, गाठ माझीच धरली जाईल."

धावत जाऊन तो होडीत बसला. होडी मीच सोडली.

अजून निरोप नाही. मॅडम दोनदा येऊन बघून गेल्या. टेबलाच्या पायाशी मुंग्या जमल्यात, मी त्या झटकतोय. पक्ष्याचं पोट उघडं आहे. सुई दोऱ्यासकट शेजारी पडली आहे.