प्रश्न डिस्कचा होता

सुधाकर गेला हे मला रविवार कारंजावर भाजी घेताना कळलं. त्याच्या मुलाचा फोन आला, "काका, बाबा गेले," आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं." कुणी पुस्तक परत आणून दिल्यावर म्हणतो, तसं नुसतं बरं... सहा वर्षांचा राग एका फोनने उतरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात; मला ते अजून जमत नाही.

नाशकातल्या एकाच पॉलिटेक्निकात आम्ही नोकरीला होतो, तो संगणक विभागात आणि मी ग्रंथालयात. नव्वदपासून रोज डबा एकत्र. जेवतानाही हा गृहस्थ विषय सोडायचा नाही. मिसळीवरून मी क्रिकेटकडे वळलो की चमचा वर करून म्हणायचा, "मिसळीचं बोल." पुढे इंटरनेट आलं आणि संगणकाच्या अडचणींसाठी त्याने मराठी फोरम काढला. मॉडरेटर, म्हणजे काय ठेवायचं आणि काय उडवायचं ते ठरवणारा, स्वतःच. माकडाच्या हाती कोलीत! येवल्याच्या एका विणकराने पैठणीच्या नक्षीसाठी प्रिंटर कोणता घ्यावा असं विचारलं आणि शेवटी सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. शुभेच्छा उडाल्या, खाली लाल अक्षरांत शेरा आला, "विषयांतर." लोकांना याचं भारी कौतुक. फोरम स्वच्छ होता हे मीही नाकारत नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या घरच्या संगणकाची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली आणि तो सुरूच होईना. तिच्यात आईचा आवाज होता. ती घोटीहून आली असताना मी गंमत म्हणून तिच्यापुढे माइक धरला, तर माझ्यावरच खेकसली, "बंद कर ते! मानसाचं बोलनं डबीत भरून काय करशील रं?" आणि मग आपणहून पाच-सात मिनिटं भाताच्या लावणीबद्दल बोलत बसली. याची दुसरी प्रत नव्हती. हे सगळं मी ग्रंथालयातल्या संगणकावरून फोरमवर लिहिलं आणि विचारलं, काय करू? सुधाकरने कात्री चालवली. उरलं ते एवढंच, "हार्ड डिस्क आवाज करते. संगणक सुरू होत नाही. उपाय?" दुपारपर्यंत तिघांनी सांगितलं, फॉरमॅट करून बघा. मी केलं. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, हे पुस्तकांची कार्डं लावणाऱ्या माणसाला कुठून माहीत असणार? डिस्क चालू झाली. रिकामी.

मी त्याच्या विभागात जाऊन टेबलावर हात आपटला. "आईचा आवाज होता त्यात! लिहिलं होतं मी!"

तो शांतपणे म्हणाला, "प्रश्न डिस्कचा होता. आईचा नव्हता."

त्या दिवसापासून मी डबा वेगळा खाऊ लागलो. एकदा तो ग्रंथालयाच्या दाराशी येऊन घुटमळला, काहीतरी बोलायचं होतं बहुतेक... मी म्हणालो, "पुस्तकाचं काम असेल तर बोल." तो परत गेला. त्यानंतर आला नाही, आणि मीही गेलो नाही.

तो गेल्यावर आठवड्याने मी फोरमवर त्याच्याबद्दल लिहिलं. का लिहिलं ते मला सांगता येत नाही. एका बैठकीत, रडत लिहिलं. आता त्याचाच एक विद्यार्थी मॉडरेटर आहे. त्याचा फोन आला, "काका, फार छान लिहिलंय, पण सरांच्या नियमात बसत नाही. तुम्ही म्हणाल तर ठेवतो. ठेवू का?" या प्रश्नाची मी सहा वर्षं वाट बघत होतो. म्हणालो, "नियम म्हणजे नियम. उडव."

परवा वहिनी, म्हणजे सुधाकरची बायको, घरी आल्या. "भाऊजी, पोरगा म्हणत होता, तुम्ही ह्यांच्यावर लिहिलंय. मला कागदावर काढून द्या ना. ते फोरमबिरम मला कुठलं जमतंय?" मी संगणक उघडला. लिहिलं होतं ते थेट फोरमच्या चौकटीतच, प्रत ठेवली नव्हती. त्या मॉडरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, उडवलेलं परत येत नाही. वहिनींना म्हटलं, चार दिवस द्या, आठवून पुन्हा लिहितो.

आठवलं ते हे असं. त्या लेखात राग नव्हता, वहिनी. खरंच नव्हता.