घरचा शब्द

भांडुपच्या डोंगरउतारावरच्या चाळीत वनमाला धुरीला सगळे तोंडावर काकू म्हणत आणि पाठीमागे इन्स्पेक्टर काकू. हे तिच्या कानावर गेलं होतं. तिने त्याबद्दल कुणाशी भांडण काढलं नाही, यावरून काय ते समजा. जन्मभर ती महापालिकेच्या शाळेत आया होती. मास्तर वर्गात नसले की ती व्हरांड्यातून नुसती खाकरली तरी पोरं चिडीचूप व्हायची. असा आवाज घेऊन निवृत्त व्हायचं आणि घरात बसून तांदूळ निवडायचे म्हणजे शिक्षाच की. नवरा धाकू गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला आणि काही वर्षांनी गेला. घरात उरला एकुलता एक नितेश. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर काकूने खाकरायचं कुणावर?

तिचं नशीब उघडलं ते सपना इंगळेमुळे. सपना त्या भागातल्या पोलीस ठाण्यावर शिपाई होती. वरच्या साहेबांनी ‘सावध शेजार’ नावाचा कार्यक्रम काढला आणि तो राबवायला तिला धाडलं. बायकांना, म्हाताऱ्यांना फोनवरच्या फसवणुकीबद्दल सांगायचं, एकट्या राहणाऱ्यांची विचारपूस करायची, असं ते काम. पहिल्या दिवशी सपना चौकात उभी राहून बोलू लागली तर तिच्याकडे ढुंकून कुणी बघेना. काकू ओट्यावरून बघत होती. शेवटी ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, ‘‘अगं ए, बसा सगळ्या खाली! पोलीस आलीय, मीठवाली नाय.’’ सगळ्या बसल्या. त्या दिवसापासून सपनाने काकूला सोडलं नाही. महिन्याभरात काकूच्या गळ्यात ‘पोलीस मित्र’ लिहिलेलं कार्ड आलं. ते ती भाजी आणायला जातानाही घालायची.

पुढे सपनाच्या डोक्यात आलं की नुसतं भाषण कोण ऐकतो, छोटंसं नाटक करू. शेजारची द्रौपदी चोर झाली. भावाचं जाकीट आणि काजळाची मिशी. ती फोन कानाला लावून घोगऱ्या आवाजात म्हणायची, ‘‘तुमच्या पोराचा अपघात झालाय, हॉस्पिटलात पैसे भरायचेत, ताबडतोब पाठवा!’’ मग काकू कमरेवर हात ठेवून प्रेक्षकांकडे वळायची आणि विचारायची, ‘‘शब्द सांग!’’ चोर ततपप करायचा. ‘‘शब्द नाय? मग ठेव फोन, मेल्या!’’ या वाक्यावर हमखास हशा पिकायचा. भांडुप, मुलुंड, विक्रोळी, जिथे जिथे प्रयोग झाला तिथे पोरंटोरं नंतर रस्त्यात ओरडत फिरायची, ठेव फोन मेल्या.

हा शब्द म्हणजे सपनाची शिकवण. हल्ली म्हणे कॉम्प्युटर माणसाच्या आवाजाची नक्कल करतो. साहेबांनी एकदा द्रौपदीचा आवाज घेऊन तिच्याच तोंडून, म्हणजे फोनच्या तोंडून, ‘मी माझं मंगळसूत्र विकते’ असं वदवून दाखवलं होतं. बायकांनी पदर तोंडाला लावले. द्रौपदी तर तिथेच बसकण मारून बसली. तेव्हा सपना म्हणाली होती की आपल्या माणसाचा आवाज ऐकला म्हणून विश्वास ठेवू नका. प्रत्येक घराने एक शब्द ठरवा, घरच्यांखेरीज कुणाला माहीत नसलेला. अडचणीचा फोन आला की आधी तो विचारा.

काकूने त्याच संध्याकाळी नितेशला जेवताना धरलं. बांगड्याचं तिखलं होतं. नितेशने नेहमीसारखी त्यातली मसाल्याची तिरफळं शोधून ताटाच्या कडेला लावली होती. लहानपणी एकदा त्याच्या दाताखाली अख्खं तिरफळ आलं, जीभ बधिर झाली, आणि जीभ गेली म्हणून त्याने चाळ डोक्यावर घेतली होती. आता बाप्या झाला, लग्नाला मुली बघणं चालू होतं, पण तिरफळाची दहशत कायम. ‘‘तिरफळ ठेव,’’ तो म्हणाला. ‘‘कुठल्या चोराच्या बापाला ठाऊक असणार?’’

झालं. काकूला नवा खेळ मिळाला. रोज तो कामावरून आला की ती आतून विचारायची, ‘‘शब्द?’’ तो बाहेरून म्हणायचा, ‘‘आये, मस्करी नको करू गो, पाय दुखतत.’’ ‘‘शब्द सांग, मग दार.’’ तो म्हणायचा सुरमई. तो म्हणायचा पगार. तो म्हणायचा मुलगी बघ माझ्यासाठी. खरा शब्द सोडून सगळं सांगायचा. शेजारीपाजारी हसायचे आणि काकू दार उघडायची. त्या घरात एवढीच काय ती करमणूक होती, आणि दोघांनाही ती पुरत होती.

तो शनिवार होता. समाजमंदिराच्या हॉलमध्ये सकाळचा कार्यक्रम, हॉल बायकांनी भरलेला. नाटक नुकतंच संपलं होतं, टाळ्या थांबल्या नव्हत्या, आणि काकूच्या हातातला फोन वाजला. अनोळखी नंबर. सपनाचे डोळे चमकले. ‘‘काकू, स्पीकरवर टाका,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यांना ऐकू दे.’’ काकूने फोन माइकसमोर धरला.

‘‘मावशी, मी सम्यक बोलतोय. नितेशदादाबरोबर कामाला आहे, नवीन लागलोय. दादाला लागलंय, मावशी. लिफ्टच्या खड्ड्यात पडला. त्याचा फोन फुटलाय. हॉस्पिटलात आणलंय, इथे पैसे भरा म्हणतायत...’’

हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. झाला नसता तर नवल. द्रौपदीने मघाशी म्हटलेलं वाक्य जसंच्या तसं बाहेर येत होतं. काकूने बायकांकडे बघून डोळे मिचकावले. ‘‘अरे वा! नावगाव सगळं काढलंस की रे!’’

‘‘मावशी, खरंच. थांबा, दादाच बोलतोय.’’

‘‘आये.’’

हसू थांबलं. आवाज कोरडा होता, लांबून आल्यासारखा, त्यात माइकची घरघर. ‘‘आये, मी हंय. तू ये गो.’’ काकूचं पाऊल दाराकडे वळलंसुद्धा होतं. पण तिला द्रौपदीच्या तोंडचं मंगळसूत्र आठवलं, आणि नेमकं तेव्हाच सपना तिच्या कानाशी हळूच म्हणाली, ‘‘काकू, शब्द विचारा.’’

‘‘शब्द सांग,’’ काकू म्हणाली.

‘‘आये... मस्करी नको करू गो. माका लय दुखता.’’

‘‘आधी शब्द सांग.’’

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. एवढा हॉल बघतोय, पोलीस बघतायत, आपण यांची पोलीस मित्र. काकूने कमरेवर हात ठेवला. ‘‘शब्द नाय? मग ठेव फोन, मेल्या!’’

असा कडकडाट त्या हॉलने कधी ऐकला नव्हता. पुढच्या रांगेतल्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि काकूने फोनसकट हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. सपनाने काकूच्या हातातून फोन घेतला आणि नियमाप्रमाणे तो नंबर ब्लॉक केला. तो कसा करायचा हेही सगळ्यांना दाखवलं. मग चहा आणि बटाटेवडे आले.

आता यात दोष कुणाचा ते ज्याने त्याने ठरवावं. मला विचाराल तर त्या हॉलमध्ये एकही वाईट माणूस नव्हतं. हेच तर मला सहन होत नाही.

काकू वडा खात असताना सपनाला ठाण्यातून फोन आला. मुलुंडहून निरोप होता, लिफ्टच्या अपघातातला माणूस तुमच्या हद्दीत राहतो, नितेश धाकू धुरी, बरोबरच्या पोराला घरच्यांचा फोन लागत नाही, कुणाला तरी पाठवून कळवा. सपना भिंतीला टेकली. मग ती काकूसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘काकू, चला.’’ एवढंच. काकूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली बशी खुर्चीवर ठेवली.

गाडीत काकूने एकदाच विचारलं, ‘‘तो खरा होता काय गं?’’ सपनाने काकूचा हात धरला तेव्हा तो हात काकूने काढून घेतला नाही, आणि पकडलाही नाही.

त्या पोचल्या तेव्हा नितेश गेला होता. पोटात रक्तस्राव झाला होता, ऑपरेशनला नेतानाच सगळं संपलं. दाराशी सम्यक उभा होता, शर्टाला ग्रीस आणि रक्त. मिसरूड फुटलेलं पोर, घाटकोपरला राहणारं, मूळचं बुलढाण्याकडचं. काकूला बघताच तो रडायला लागला. ‘‘मावशी, मी किती वेळा लावला फोन. लागतच नव्हता.’’ सपना त्याच्यामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती.

‘‘काय बोलला तो?’’ काकूने विचारलं.

‘‘तुम्ही फोन ठेवल्यावर हसला, मावशी. म्हणाला, आये काय ऐकायची नाय. मग स्ट्रेचरवर घेतल्यावर एकदम माझा हात धरला. तिरफळ, म्हणाला. तिला सांग, तिरफळ. दोन-तीनदा म्हणाला. मला वाटलं औषधाचं नाव आहे. मी नर्सला पण विचारलं, हे औषध देताय का म्हणून. ती म्हणाली, असलं औषध नसतं.’’ त्याने डोळे पुसले. ‘‘काय असतं ते, मावशी?’’

काकू हॉस्पिटलच्या फरशीवर बसली. ती रडली नाही. बराच वेळ तिने सम्यकच्या पँटचा काठ मुठीत धरून ठेवला होता आणि तो बिचारा न हलता उभा राहिला.

दिवसकार्याला चाळ लोटली. पण हॉलमधल्या बायका आल्या की दारातच घुटमळायच्या. कुणी काकूच्या नजरेला नजर देईना. द्रौपदी रोज येऊन भांडी घासून जायची. एक दिवस तिने राखेचे हात तसेच तोंडावर घेतले आणि म्हणाली, ‘‘वनमाला, मी टाळ्या वाजवल्या गं.’’ काकू म्हणाली, ‘‘मी पण नमस्कार केला होता सगळ्यांना.’’ मग दोघी मोरीपाशी बसून रडल्या. आपण तेव्हाच रडायला शिकलो, असं काकू म्हणायची.

साहेब येऊन गेले. डॉक्टरांचं म्हणणं सगळ्यांनी तिला सांगून झालं, की मार आतला होता, तुम्ही वेळेवर पोचला असतात तरी तो वाचला नसता. लोकांना वाटायचं याने तिला बरं वाटेल. ती ऐकून घ्यायची. फक्त सपनाला एकदा म्हणाली, ‘‘वाचला नसता गं. पण भेटला असता.’’

सपनाने बदली मागितली होती, ती मिळाली नाही. नाटक बंद झालं. कार्यक्रम मात्र चालू आहे, चालू राहायलाच हवा, कारण चोर काही थांबलेले नाहीत. परवाच जोगेश्वरीतल्या एका पेन्शनवाल्याला पार धुऊन नेलं. सपना अजून बायकांना घरचा शब्द ठरवायला सांगते. सांगताना तिचा आवाज आता खाली जातो आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, ऐकू येत नाय.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ती दर आठवड्याला फेरी मारते. पूर्वी या फेरीला काकू बरोबर असायची, कार्ड घालून, रुबाबात. आता काकूचंच घर त्या फेरीत आलंय. सपना येते, कडी वाजवते, दार नुसतं लोटलेलं असतं. कितीदा सांगितलं, काकू दार लावून घेत नाही.

गेल्या आठवड्यात सपना अशीच आली, तर काकू खिडकीशी बसून फोनवर होती. फोन स्पीकरवर होता, काकूला हल्ली ऐकायला कमी येतं. पलीकडे एक पोरगा घाईघाईने हिंदीत बोलत होता. माताजी, आपका खाता बंद हो जायेगा, कार्ड का नंबर बोलिये. काकू शांतपणे हूं हूं करत होती. ‘‘बोल बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘मेरे पास कार्ड नाय है. तू बोल. खाना खाया क्या?’’

सपनाने चप्पल न काढताच धावत जाऊन फोनकडे हात नेला. ‘‘काकू, चोर आहे तो! ठेवा!’’

‘‘माका ठाऊक आसा,’’ काकूने फोन छातीशी ओढून घेतला. ‘‘चोरच तो. पैसे नाय द्यायची मी, घाबरू नको.’’

‘‘मग ठेवा ना!’’

‘‘तो ठेवेल गं कंटाळला की. त्याका ठेवू दे. मी नाय ठेवायची.’’

पोरगा दोनदा हॅलो म्हणाला, मग त्याने शिवी हासडली आणि फोन कट केला. काकू तरीही थोडा वेळ फोन कानाला लावून बसली.