गुलाबरावांचा आग्रह

गुलाबरावांना पंगतीत "नको" हा शब्द ऐकू येत नसे. एरवी कान ठणठणीत. रेल मिलच्या गोंगाटात तीस वर्षं काढूनही स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडलं की त्यांना अंगणात कळायचं. पण हातात जिलेबीची परात आली की माणूस ठार बहिरा व्हायचा. तुम्ही पानावर हात आडवा धरा, पोट दाखवा, हात जोडा, काही उपयोग नाही. मी एकदा दोन्ही हात आडवे धरले होते, तर त्यांनी हातावरच तूप सोडलं. वर म्हणाले, "आता चाटून घे, वाया नको जाऊ देऊ."

आमचं मंडळ भंडारा-गोंदियाकडून इथे भिलाईला पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीसाठी आलेल्यांचं. सगळं गाव बुफेवर गेलं तरी आमच्यात अजून पंगत बसते, आणि ती गुलाबरावांच्या धाकाने बसते. "हातात ताट घेऊन लाइनीत उभं राहाचं असन तर लगनाले कायले याचं? कँटीनले जा ना," असं त्यांचं म्हणणं. वाढपी म्हणजे आमच्याकडे हुद्दा असतो. भात आणि गोड गुलाबरावांकडे, भाज्या फकिराकडे, मीठ आणि लिंबू माझ्याकडे. मी एकोणीस वर्षं मीठच वाढतो आहे. बढतीचा विषय मी काढला नाही आणि त्यांनाही तो कधी सुचला नाही.

त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे चंपत. जिवलग दोस्त, दोघं एकाच दिवशी प्लांटात लागलेले. चंपत राहतो स्मृति नगरात आणि बोलतो इतकं हळू, की त्याने नको म्हटलं काय आणि हो म्हटलं काय, सारखंच. "गुलाब, नको गा. खरंच नको." की हे म्हणणार, "दोस्ताले नाई म्हनतं? घे!" आणि तीन जिलेब्या धप्पकन पानात. चंपत कसनुसा हसायचा आणि खायचा. आम्हीही हसायचो. खोटं कशाला बोलू, सर्वांत मोठ्याने मीच हसायचो, कारण तोवर परात माझ्या पानावरून पुढे गेलेली असे.

तर अशा माणसाच्या घरातच घात झाला. त्यांची मुलगी नीतू एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिने एकदा रविवारी घरच्या सगळ्यांचं रक्त काढून नेलं. आईचं, म्हणजे कौशल्यावहिनींचं, सगळं ठीक निघालं. गुलाबरावांचा कागद घेऊन ती डॉक्टरकडे जाऊन आली आणि सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये बापासमोर बसली. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहतो; दही मागायला खाली गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"पप्पा, डॉक्टर म्हणाले इन्सुलिन रेझिस्टन्स आहे."

"ते काय असते?"

"इन्सुलिन म्हणजे तुमच्यासारखा वाढपी समजा. रक्तातली साखर उचलून तो शरीरातल्या पेशींना वाढत जातो. पण तुमच्या पेशींनी पानावर हात धरला आहे, कि भैया, बस हो गया. म्हणून शरीर अजून वाढपी पाठवून राहिलं. एकाचे चार झाले. वो भी थक जाएँगे एक दिन. मग साखर तशीच बादलीत पडून राहीन."

गुलाबरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाले, "म्हंजे आग्रह कमी पडून राहिला."

नीतूने कपाळावर हात मारून घेतला.

तीन महिन्यांची सरासरी शुगर सहा पॉइंट दोन निघाली होती, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. डॉक्टरने सध्या गोळी दिली नव्हती. तीन महिने मुदत दिली होती. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडी, मासे किंवा दही, आणि राहिलेल्या पाव ताटात भात नाहीतर पोळी. आधी उसळ-भाजी खायची, भात शेवटी. जेवण झालं की पंधरा मिनिटं चालायचं. गुलाबरावांनी एकच शंका विचारली, "अन् बाकीचा भात कोनत्या ताटात घेऊ?"

पण त्यांना खरी धास्ती भाताची नव्हती. आमच्या मंडळात ज्याला शुगर, बीपी किंवा गुडघे असं काही निघालं त्याला मांडवाच्या दाराशी खुर्ची देतात आणि अक्षता वाटायला बसवतात. मोठ्या मानाने बसवतात. पण एकदा बसलेला माणूस पुन्हा उठून पंगतीत वाढताना कोणी पाहिलेला नाही. गुलाबरावांनी स्वतःच्या हाताने सहा जणांना त्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी कौशल्यावहिनींना, नीतूला आणि मला देवासमोर उभं करून शपथ घातली. "कोनाले समजलं तर माह्या हातची परात जाईन. अन् परात गेली तर मी राहून काय करू?"  मला हसू येत होतं, ते मी दह्याच्या वाटीत लपवलं.

पहिला महिना त्यांनी स्वतःच्या अकलेने काढला. कमी खायचं म्हणजे उपास, असा हिशेब करून सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपास धरले. तिन्ही दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर रताळ्याचा शिरा. नीतूने बोटाला सुई टोचून पाहिलं तर आकडा चढलेला. "पप्पा, ये सब तो स्टार्च है! याच्यापेक्षा वरण-भात बरा होता!" गुलाबराव देवावर रुसून बसले. इतके उपास करूनही देव पावत नाही म्हणजे काय?

मग सूत्रं कौशल्यावहिनींनी हातात घेतली. त्या जेवायला बसवताना आधी मोड आलेल्या मुगाची किंवा हरभऱ्याची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि भाजी ठेवत, कधी दोन उकडलेली अंडी. ते संपल्याशिवाय भाताचं पातेलं चुलीवरून हलत नसे. मग एक वाटी भात. "भात कधी वाटीनं असते का? वाटी तं लोनच्याची असते," असं गुलाबराव रोज म्हणत आणि रोज खात. पंधरा दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की उसळीने पोट भरलं की दुसऱ्या वाटीची आठवण येत नाही. दुपारची पेंगही गेली. हे मात्र त्यांनी बायकोला सांगितलं नाही, मला सांगितलं.

चालण्याची पंचाईत वेगळीच होती. जेवून लगेच रस्त्यावर फेऱ्या मारणारा माणूस शुगरवाला, हे सेक्टरातल्या लहान पोरांनाही माहीत. म्हणून गुलाबराव चालताना मांजर हरवल्याचं सांगत. त्यांच्याकडे मांजर नव्हतं. आठवड्याभरात शेजारच्या चार बायका "मनी, मनी" करत त्यांच्याबरोबर हिंडू लागल्या, आणि एकीने तर कोणाचं तरी पांढरं मांजर धरून आणून दिलं. ते अजून त्यांच्याकडे आहे आणि अंडी खातं.

वजन पाच किलो उतरलं. कोणी विचारलं तर म्हणत, "शर्ट मोठं हाय." असं करत अडीच महिने निभावले, आणि चंपतच्या मुलीचं, भूमिकाचं लग्न आलं.

खरी परीक्षा हीच होती. वाढपी सगळ्यांत शेवटच्या पंगतीला बसतात, आणि तेव्हा वाढायला उभे राहतात ते आधी जेवलेले. तीस वर्षं गुलाबरावांनी ज्यांच्या नाकी नऊ आणले ते सगळे त्या एका पंगतीची वाट पाहत असतात. एरवी गुलाबराव त्यांना पुरून उरायचे. आठ जिलेब्या खाऊन नववी मागायचे. या वेळी एक वाटी भाताला थांबले असते तर सगळा मांडव तपासायला आला असता.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. डोळ्यांत चमक. "केवलराम, मले उपाय सापडला. उद्या पयल्या पंगतीपासून सगळ्याईलेच आधी उसळ, भाजी, कोशिंबीर वाढाची. भात वीस मिनिटानं. सगळ्याईच्या पानात उसळ असन तं माह्या पानातली उसळ कोन पाहीन?"

एक माणूस आपली शुगर लपवण्यासाठी चारशे माणसांचा भात अडवणार होता. मी म्हटलं, "लोक विचारतीन ना."

"सांगू, भंडाऱ्याचा जुना रिवाज हाय."

हुडको वसाहतीतल्या मंगल भवनात पहिली पंगत बसली. मी मीठ वाढलं, लिंबू वाढलं. फकिराने हरभऱ्याची उसळ, वांग्याची भाजी आणि कोशिंबीर वाढली. मग काहीच नाही. लोक मान वर करून भाताची वाट पाहू लागले. चंपतची म्हातारी आई ठकूबाई खुर्चीवरून मोठ्याने म्हणाली, "मी भंडाऱ्याचीच हाव. असा रिवाज मी आयकला नाई." गुलाबराव भाताच्या परातीपुढे दोन्ही हात मागे बांधून उभे होते आणि घड्याळ पाहत होते.

सात मिनिटं झाली. वराचे मामा राजकुमार, नागपूरकडचे रेल्वे गार्ड, अंगाने भरभक्कम, त्यांनी पान पुढे सरकवलं. "भात कुठं हाय? चारशे माणूस बसवलं अन् उसळीवर भागवून राहिले? पोरीच्या बापाच्या घरी तांदूळ नाई काय?" आणि ते पानावरून उठले. त्यांच्या बाजूचे दोघे अर्धे उठले.

वरपक्ष पानावरून उठला म्हणजे आमच्यात सोयरीक तुटायची वेळ येते. चंपत धावत आला. तो हात जोडून काहीतरी बोलत होता, पण त्याचा आवाज नेहमीसारखा कोणाला ऐकूच गेला नाही. मांडवात नवरीने शालूचा पदर तोंडाला लावला.  गुलाबरावांनी एकदा परातीकडे पाहिलं, एकदा चंपतकडे, आणि पुढे झाले.

"मामा, चंपतचा काही दोष नाई. भात तयार हाय, मीच अडवला." त्यांनी हात जोडले. "मले शुगर निघून राहिली. डॉक्टरनं आधी उसळ, मंग भात सांगतला. लोकाईले समजू नये म्हनून मी सगळ्याईलेच थांबवलं. गलती माही हाय. पाहिजे तं मले बोला, पन पानावरून उठू नका."

 राजकुमारमामा त्यांच्याकडे वळले. मग हळूच विचारलं, "किती?"

"सहा पॉइंट दोन."

"हॅट! माही आठ पॉइंट एक हाय." मामा परत मांडी घालून बसले. "आना तिकडं उसळ. चांगली हाय."

मग काय विचारता! शेजारचा म्हणाला सात पॉइंट चार. त्याच्यापलीकडचा म्हणाला, मी तर दोन वर्षांपासून सुई घेऊन राहिलो. फकिराने बादली खाली ठेवून स्वतःचा आकडा सांगितला. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोक दहावीचे मार्क सांगावेत तसे आकडे सांगू लागले. इतकी वर्षं सगळेच एकमेकांपासून चोरत होते आणि एकमेकांच्या पानात जिलेब्या घालत होते. उसळ दोनदा करावी लागली.

पुढे तीन महिन्यांचा रिपोर्ट पाच पॉइंट आठ आला. डॉक्टर म्हणाला, हेच चालू ठेवा. परात गुलाबरावांच्या हातातच राहिली. खुर्चीचं म्हणाल तर जेवढे शुगरवाले निघाले तेवढ्या खुर्च्या मंडळाकडे नव्हत्या. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या शेवटच्या पंगतीतलं.

भूमिकाची पाठवणी झाली आणि आम्ही वाढपी बसलो. चंपतही आमच्यातच बसला. रडून त्याचे डोळे सुजले होते. गुलाबराव खुशीत होते. मनावरचं ओझं उतरलेलं, वर इज्जतही वाचलेली. बसल्या जागेवरून उठले, परात उचलली आणि चंपतपुढे उभे राहिले. "मी नाई खात, पन तू तं पोरीचा बाप! आज तं एक घेनंच पडीन!"

चंपतने पानावर हात धरला. "नको गा गुलाब."

"दोस्ताले नाई म्हन..."

"गुलाब, मले नऊ वर्षं झाले."

"कायचे?"

"शुगरचे. मागच्या साली डाव्या पायाचं एक बोट काढलं. तुले सांगतलं होतं ना, मिलमंधी लोखंड पडलं म्हनून."

गुलाबरावांच्या हातात जिलेबी तशीच राहिली. पाक बोटांवरून मनगटावर आला तरी त्यांना कळलं नाही. "नऊ वर्षं? अन् मले सांगतलं कावून नाई बे?"

चंपत त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "सांगत तं होतो. दर पंगतीत सांगत होतो."

 मी पानातल्या मिठाकडे पाहत बसलो. सर्वांत मोठ्याने मी हसायचो ना.

गुलाबराव खाली बसले, पण आपल्या पानावर नव्हे, चंपतसमोर, जमिनीवर. छपन्न वर्षांचा माणूस, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून खांद्याला डोळे पुसत होता. मग त्यांनी जिलेबी परातीत ठेवली, हात धुऊन आले आणि विचारलं, "काय वाढू तुले?"

चंपतने पानावरचा हात काढला.  मग म्हणाला, "उसळ वाढ थोडी. अन् भात, अर्धी वाटी."

गुलाबरावांनी उसळ वाढली. मग भाताची वाटी भरली, डोळ्यासमोर धरून पाहिली, आणि चमच्याने अर्धा भात परत काढून ठेवला.