भोक बुजवलेली बोट

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी चुकला होता. अशा दिवसांत नव्या जिल्ह्याला नांदेडहून एक बोट मिळाली. पुरात अडकलेली माणसं बाहेर काढायला! बोट जुनी होती. उमेदीची वर्षं गोदावरीत घालवून ती ट्रकवर बसून धुळीतून आली, तेव्हा नळावरच्या बायका घागरी खाली ठेवून बघत राहिल्या.

बोट माझ्या नवऱ्याच्या ताब्यात आली. हे पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. बोटींशी यांचा आधीचा संबंध कागदाच्या होड्यांपुरताच, पण दोन दिवसांत हे असे बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस रत्नागिरीचा आहे. आधी बोटीला रंग दिला. बाजूला ठसठशीत अक्षरांत नव्या जिल्ह्याचं नाव घातलं. हे रंगाऱ्याच्या डोक्यावर उभेच होते.

बोटीला काम मात्र दुष्काळानंच दिलं. गावाला पाणी देणारा तलाव आटत आटत मधल्या खोलगटात गेला होता आणि पंप बसवलेला तराफा काठाच्या चिखलात रुतायच्या बेताला आला होता. तो ओढून खोल पाण्यात न्यायचा होता. त्याआधी चाचणी म्हणून रविवारी हे बोट काढणार होते. माझे सासरे तेव्हा कंधारहून आले होते. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. सगळा जन्म त्यांनी कापडाच्या धंद्यात काढला होता. "चला अप्पा, बोटीत बसवतो," हे म्हणाले. मीही निघाले. लग्नानंतर यांनी मला कुठं फिरायला नेलं असेल, तर ते एवढंच.

हँडल मारलं, इंजिन धडधडलं, बोट झोकात निघाली. अप्पांनी टोपी हातानं दाबून धरली. तलावाच्या मध्यावर पोचलो आणि इंजिन खोकलं, आचके दिले आणि गप्प झालं.

"डिझेल संपलं का?" मी विचारलं.

"टाकी भरलेली आहे." यांनी टाकीचं झाकण काढून दाखवलं. झाकण काढताना फुस्स आवाज झाला. "नळीत हवा शिरलीय. हवा काढावी लागेल."

यांनी पान्यानं कसलासा बोल्ट ढिला केला, हातानं पंप मारला, बोटांवर फेसाळ डिझेल घेतलं, बोल्ट आवळला, झाकण लावलं. इंजिन सुरू झालं. आम्ही जरा पुढं गेलो आणि पुन्हा तेच.

पुन्हा झाकण, पुन्हा फुस्स, पुन्हा हवा काढणं. तिसऱ्यांदा अप्पा म्हणाले, "आरं, ह्या जिल्ह्याची हवा लई दिसतीय. कवाधरनं काढून राहिलास, संपंना."

यांचे कान लाल झाले.

चौथ्या खेपेला यांचे दोन्ही हात गुंतले होते म्हणून यांनी झाकण माझ्या हातात दिलं. इंजिन लागलं आणि ते मागायचं राहून गेलं. मी झाकण पदरात धरून बसले. बोट चालली ती चाललीच. अर्धा तलाव पालथा घातला तरी इंजिन कुरकुरलं नाही. यांचा चेहरा खुलला. "बघा, सापडली की नाही नस?" असं म्हणून यांनी झाकण मागून घेतलं आणि घट्ट बसवलं. थोड्या वेळानं इंजिन बंद.

"अहो," मी म्हणाले, "झाकण लावलं की बंद पडतंय."

"झाकणाचा आणि इंजिनाचा काय संबंध?"

"ते मला काय ठाऊक? पण माझ्या मांडीवर होतं तोवर चालत होतं."

मला खोटं पाडायला म्हणून यांनी झाकण काढलं. फुस्स! आणि हे एकदम थांबले. झाकणाकडं बघितलं, टाकीकडं बघितलं. मग टाकीच्या अंगावरून, त्या चकचकीत नव्या रंगावरून हात फिरवायला लागले, जसा डॉक्टर पोट चाचपतो तसा. एका बाजूला बोटाएवढी वाकडी नळी होती. तिच्या तोंडाशी रंगाचा गुळगुळीत फुगवटा होता.

"टाकीत हवा आत यायची वाट हीच," हे हळूच म्हणाले. "डिझेल जसं कमी होईल तशी आत हवा यायला पाहिजे. नाही आली की डिझेल पुढं सरकत नाही. रंगाआधी भेगांत भरतात ती लांबी घालून ही बुजवलीय."

"कुणी?" अप्पा म्हणाले. "रंगाऱ्यापाशी तर तू हुबा व्हतास म्हनं."

"मीच सांगितलं त्याला," हे म्हणाले. "म्हटलं, बोट आहे, एकसुद्धा भोक राहता कामा नये."

अप्पा इतके हसले की बोट डुलायला लागली. मीही हसले. शेवटी यांनाही राहवेना. स्क्रू-ड्रायव्हर नळीत जाईना, म्हणून मी केसांतला आकडा काढून दिला. यांनी सुकलेली लांबी खरवडून काढली, नळीत जोरानं फुंकर मारली आणि तोंड वाकडं करून डिझेल थुंकलं. झाकण लावलं. या खेपेला इंजिन थांबलं नाही.

परतताना अप्पा एकदम म्हणाले, "थांब, थांब. तिकडं घे."

तलाव बांधताना बुडालेलं जुनं गाव पाणी उतरल्यामुळं उघडं पडलं होतं. भिंतींचे बुडखे, एक दगडी ओटा. अप्पा चप्पल हातात घेऊन गुडघाभर चिखलात उतरले, आणि मागोमाग आम्ही. "हितं बाजार भरायचा," ते म्हणाले. "ह्या ओट्यावर माझी बैठक. लुगडी हिकडं, खण तिकडं. पलीकडं भजेवाला." त्यांनी ओट्यावरचा वाळका गाळ पंच्यानं झटकला आणि जुन्या सवयीनं मांडी घालून बसले. मी समोर उभी होते. "बोला बाई, कोणता खण दाखवू?" त्यांनी विचारलं.

"हिरवा," मी म्हणाले.

अप्पांनी दोन्ही हातांनी खण उलगडून माझ्यासमोर धरला. हे बाजूला उभे राहून बघत होते. सोमवारी बोटीनं तराफा ओढून नेला आणि आठवडाभरात आमच्या नळाला, करंगळीएवढं का होईना, पाणी आलं. पावसाळ्यात तो ओटा पुन्हा पाण्याखाली गेला, तेव्हा हे स्वतः कंधारला जाऊन अप्पांना सांगून आले.